मुलांची ॲप-स्पर्धा आणि आपण पालक

(मंचाच्या बहारीनमधील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रहो, आणि मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या बालमित्रांनो,

संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, 'विद्यार्थ्यांच्या कोडिंग आणि ॲप बनवण्याच्या स्पर्धेत भाग कसा घ्यावा'. मी काही संगणकशास्त्रातली नाही. माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, आणि रोजचं काम धातू का गंजतात हे शोधण्याचं. या खाऱ्या, दमट बेटावर त्या कामाला तोटा नाही! पण गेल्या वर्षी माझा मुलगा आणि त्याच्याच वर्गातले तिघे अशा एका स्पर्धेत उतरले, आणि मी त्यांची मार्गदर्शक होते. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. आज मुख्यतः तीच सांगायला उभी आहे.

मुलांनी विषय निवडला उष्णतेचा. बहारीनमध्ये उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. 2007 पासून ही बंदी जुलै-ऑगस्ट अशी दोन महिने असायची, 2025 पासून ती 15 जून ते 15 सप्टेंबर अशी तीन महिने झाली. मुलांना वाटलं, कामगाराच्या मोबाइलवर तापमान दाखवणारं आणि 'सावलीत जा, पाणी प्या' असं सांगणारं ॲप करावं. त्यांनी दोन आठवड्यांत ते केलंसुद्धा. चकचकीत पडदे, सुंदर चित्रं, सगळं इंग्रजीत.

मी एकच प्रश्न विचारला, "हे तुम्ही कुठल्या कामगाराला दाखवलंत का?" चौघंही गप्प. आमच्या इमारतीसमोर दोन वर्षं बांधकाम चालू होतं. तिथल्या एकाही माणसाशी त्यांचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही झालेलं नव्हतं.

म्हणून एका शुक्रवारी आम्ही मनामाच्या सूकमध्ये गेलो. सुट्टीच्या दिवशी बाब अल बहारीनच्या आसपास किती गर्दी असते, ते तुम्ही पाहिलं आहेच. करक चहाच्या टपरीवर खेड तालुक्यातले एक काका भेटले. सेंट्रिंगचं काम करतात. मराठी ऐकून खूश झाले. मुलांनी ॲप दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं, आणि म्हणाले, "ऊन किती झालं ते आमच्या अंगाला कळतं रे. आणि मोबाइल कामावर खिशात ठेवू देत नाहीत. हे तू मुकादमाला दे. थांबा म्हणायचं त्याच्या हातात आहे."

नंतर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चारनंतर बंदी संपते, पण संध्याकाळकडे हवा दमट होते, घाम अंगावरच राहतो, आणि त्या वेळी माणसं जास्त कोसळतात असा त्यांचा अनुभव. हे माझ्या विषयाच्या जवळचं होतं. घाम वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो. हवेत बाष्प जास्त असेल तर तो वाळत नाही. तापमान 40 अंश आणि आर्द्रता 50 टक्के असेल, तर शरीराला ते सावलीतसुद्धा सुमारे 55 अंशांसारखं जाणवतं. मुलांच्या ॲपमध्ये आर्द्रता नव्हतीच! पीएच.डी. असलेल्या मार्गदर्शकबाईंच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

घरी येऊन मुलांनी जवळजवळ सगळं मोडलं. नवं ॲप मुकादमासाठी केलं. तापमान आणि आर्द्रता मिळून एक आकडा, तीन रंग, आणि हिंदी, मल्याळम, बंगालीत बोलणारा आवाज. ते ओबडधोबड दिसत होतं, आणि सादर करायच्या आदल्या रात्री चालेना. मुलं दमून झोपली. मी रात्री दोनपर्यंत बसले, एआयला विचारत विचारत चुका काढल्या, आणि जाता जाता पडदेही देखणे करून टाकले. सकाळी माझा मुलगा म्हणाला, "आई, परीक्षकांनी विचारलं तर उत्तर तू देणार का?"

मला फार लाज वाटली. त्यांनी माझं सगळं काढून टाकलं आणि आपलंच अर्धंमुर्धं, बंगाली आवाज नसलेलं ॲप सादर केलं. एका मोठ्या माणसाने 'लेबर कॅम्प' हा शब्द काढायचा सल्लाही दिला होता, 'बरं दिसत नाही' म्हणून. मुलांनी तो ठेवला. बक्षीस मिळालं नाही.

आता धारावीची गोष्ट सांगते. तिथे नवनीत रंजन या चित्रपटकाराच्या 'धारावी डायरी' या उपक्रमात शाळकरी मुली ॲप बनवायला शिकल्या. त्यांनी वापरलं 'ॲप इन्व्हेंटर', म्हणजे ठोकळे एकमेकांना जोडून कार्यक्रम लिहिण्याचं मोफत साधन. ते 2010 मध्ये गूगलने आणलं आणि पुढे एमआयटीकडे गेलं. मुलींनी काय केलं? सार्वजनिक नळावरच्या रांगेसाठी 'पानी'. संकटात सापडलेल्या बाईला मदत मागता यावी म्हणून 'विमेन फाइट बॅक'. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलींसाठी 'पढाई'. पाण्याच्या रांगेत त्या स्वतः उभ्या राहिल्या होत्या, छेडछाड त्यांनी सोसली होती. प्रश्न कुठला घ्यावा हे त्यांना कोणा मार्गदर्शकाने सांगावं लागलं नाही.

आपल्या मुलांकडे लॅपटॉप आहे, वेगवान इंटरनेट आहे, डॉक्टरेटवाली आई आहे. नाही तो प्रश्न. आणि ज्यांच्याकडे प्रश्न आहे त्यांची मुलं खेडला आहेत, तेलंगणात आहेत, बांगलादेशात आहेत. कमी पगारात कुटुंब इथे आणता येत नाही, म्हणून या स्पर्धेत त्यांचं नाव येतच नाही. 'खुली स्पर्धा' म्हणताना एवढं तरी ध्यानात असू द्या.

नावनोंदणी करणाऱ्या पालकांना तीन गोष्टी सांगते.

एक, आधी माणूस शोधा, मग ॲप. ज्याच्यासाठी करायचं त्याला पहिल्याच आठवड्यात कच्चा आराखडा कागदावर दाखवा. त्याने नको म्हटलं तर बदला. आपण ज्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतो तो हाच, आपली कल्पना तपासून पाहायची आणि चुकली तर सोडायची.

दोन, कोड आज यंत्रही लिहून देतं. त्याची मदत घेतली तर नियमांप्रमाणे सांगा, आणि प्रत्येक ओळ काय करते हे मुलाला स्वतः समजावता आलं पाहिजे. येत नसेल तर ती ओळ काढा.

तीन, आदल्या रात्री आपण लवकर झोपा!

मुली इथे बऱ्याच दिसतात, म्हणून आणखी एक. 'टेक्नोव्हेशन' ही मुलींसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2010 पासून चालू आहे. वय 8 ते 18, आणि आपल्या परिसरातला प्रश्न सोडवायचा ही अट. तिची माहिती जरूर काढा.

स्पर्धा संपल्यावर मुलं पुन्हा सूकमध्ये गेली. काकांनी ॲप पाहिलं आणि म्हणाले, "अक्षरं मोठी करा. मुकादमाचा चश्मा घरी राहतो." आता अक्षरं मोठी केली आहेत. बंगाली आवाजाचं काम चालू आहे. आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचा मुकादम ते महिनाभर वापरून पाहायला तयार असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा.