माहितीच्या कोठारातील एकक क्रमांक

जमिनीच्या व्यवहारात गट क्रमांकाचे महत्त्व किती असते, हे पंचायतीच्या कारभाराशी परिचय असलेल्या कोणासही सांगावयास नको. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यान्वये विखुरलेले तुकडे एकत्र आणून गट पाडण्यात आले आणि पुढील व्यवहार गटाच्या क्रमांकाने होऊ लागले. संगणकाच्या माहितीच्या कोठारातही अशीच व्यवस्था असते.

एकाच डिस्कवर सारी माहिती ठेवणे धोक्याचे असते. १९८८ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक लहान डिस्कचा संच करून त्यांत माहिती विभागून ठेवण्याच्या पद्धतींचे विवेचन केले. अशा संचाचा कारभार नियंत्रक नावाचे यंत्र पाहते. सहा डिस्कचा संच केला, तरी संगणकास त्या सहा दिसत नाहीत. दिसते ते एकच एकक. त्या एककाची ओळख म्हणजे त्याचा एकक क्रमांक.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या १९९० च्या दशकातील नियंत्रकांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. संगणक व नियंत्रक यांना जोडणाऱ्या ‘स्कझी’ वाहिनीवर मूळ नियमानुसार ० ते ७ असे आठ पत्ते असत आणि प्रत्येक पत्त्यावर ० ते ७ अशी आठ एकके असू शकत. या दोहोंच्या जोडणीतून क्रमांक सिद्ध होई. ‘डी ४०१’ म्हणजे ४ या पत्त्यावरील १ क्रमांकाचे एकक. ‘डी ३’ म्हणजे ० या पत्त्यावरील ३ क्रमांकाचे एकक. सारांश, क्रमांक मनास येईल तसा देता येत नसे. जो पत्ता नियंत्रकास नेमून दिलेला नाही, त्यावरील एकक संगणकास दिसतच नसे.

खरा धोका याहून गंभीर आहे. संगणक क्रमांकावर विश्वास ठेवून लिहितो. भरलेल्या संचास चुकून नव्या संचाचा क्रमांक दिला आणि नवा समजून तो कोरा केला, तर जुन्या नोंदी नष्ट होतात. दोन संगणक परस्परांस न कळत एकाच एककावर लिहू लागले, तरीही नोंदी बिघडतात. संचातील एक डिस्क निकामी झाल्यास माहिती वाचविण्याची सोय करता येते. चुकीच्या क्रमांकावर तो उपाय नाही, कारण नियंत्रक चुकीची आज्ञाही तितक्याच निष्ठेने पाळतो.

यास्तव तीन गोष्टी अगत्याच्या ठरतात. कोणता क्रमांक, कोणत्या डिस्क व कोणता संगणक यांची लेखी नोंदवही ठेवावी. प्रत्येक एकक ज्याचे त्याच संगणकास खुले करावे. एकक कोरे करण्यापूर्वी त्याची क्षमता नोंदवहीशी ताडून पाहावी आणि माहितीची स्वतंत्र प्रत असल्याची खात्री करावी.

आठ पत्त्यांची ती मर्यादा आज उरलेली नाही; एककांची संख्या मात्र वाढली आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे व परीक्षांचे गुण ज्या काळात संगणकावर राहतात, त्या काळात नोंदवहीतील ही एक ओळ नागरिकांच्या हक्कांचीच राखण करीत असते.