देवळाबरोबर गावाची आठवणही राहावी

(ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात कलशारोहणाच्या आदल्या रात्री सभामंडपात झालेले भाषण)



आईच्या देवळावर उद्या कलश चढेल. पैसा कसा उभा राहिला, कोणी किती राबले, ते अहवालात आलेच आहे; मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचे आहे ते देवळामागे ताडपत्रीखाली ठेवलेल्या दोन दगडांविषयी.

जुने जोते उकरताना हे दोन दगड निघाले. एकावर कोरलेली माणसे आहेत, दुसऱ्यावर झिजलेली अक्षरे आणि खाली गाढवाचे चित्र आहे. भंगलेली मूर्ती गावात ठेवू नये, खाडीत सोडावी, असा विचार काही मंडळींनी मांडला. दुसरा विचार असा, की दगड भक्कम आहेत, कुंपणाच्या भिंतीच्या पायात घालावेत. दोन्ही विचार चांगल्या मनाने मांडलेले आहेत. तरी दोन्ही करू नयेत अशी माझी हात जोडून विनंती आहे, आणि ती का, ते सांगतो.

माणसे कोरलेला दगड ही मूर्ती नव्हे. तो वीरगळ आहे. गावासाठी, गावच्या गुरांसाठी लढताना जो पडला त्याची ती आठवण. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वरती त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. शेंड्याला कलश आणि चंद्रसूर्य. पुष्कळ वीरगळांवर तळाशी गुरे दिसतात. तेथे गुरे पळवणाऱ्यांशी झुंज झाली असे समजावे. बोरिवलीला राहणारी आपली मंडळी येथे बरीच आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी एकसरला जावे. तेथील वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई कोरलेली आहे. शिलाहारांच्या काळी कोकणच्या समुद्रात लढाऊ गलबते कशी होती, वल्ही कशी मारत, हे त्या दगडांवरून डोळ्यांनी दिसते. आपल्या दगडावरच्या वीराचे नाव कोरलेले नाही. पण तो ह्याच मातीतला होता आणि ह्याच गावाने त्याचा दगड उभा केला. त्याला आपण पायात गाडायचे?

दुसऱ्या दगडावरचे गाढवाचे चित्र पाहून बायामाणसे तोंड फिरवतात, ते साहजिक आहे. त्याला गद्धेगाळ म्हणतात. राजाने किंवा त्याच्या प्रधानाने देवाला जमीन, धान्य, काही नेमून दिले की ते दगडावर कोरत. वर चंद्रसूर्य काढायचे, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे. खाली शिवी कोरायची, म्हणजे दान मोडणाऱ्याला धाक राहावा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही चित्र कळते. त्या काळचा तो सरकारी शिक्काच म्हणा ना.

असा एक दगड आपल्या अलिबाग तालुक्यात अक्षी गावी आहे. त्यावर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ हे वर्ष डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी वाचले. शिलाहार राजाच्या प्रधानाने महालक्ष्मी देवीसाठी धान्याची नेमणूक करून दिली, असा त्याचा आशय. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत आज त्याची गणना होते. हा दगड कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडून होता. उन्हापावसाने अक्षरे जायची ती गेलीच. एखाद्या गाडीवानाने तो बांधाला लावला असता, तर हजार वर्षांपूर्वी ह्या किनाऱ्यावर मराठी लिहीत होते, ह्याचा एवढा मोठा पुरावा आपण घालवून बसलो असतो. आपला दगड तितका जुना असेल असे मी म्हणत नाही. तो जाणकाराने वाचायचा आहे, आणि वाचण्यासाठी तो जागेवर असला पाहिजे.

देणगीदार मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पंढरपूरला विठोबाच्या देवळात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत पडली आणि भाविकांच्या पाठींनी अक्षरे झिजली. आता त्या लेखात आहे काय? शके ११९५ ते ११९९ ह्या काळात देवळाच्या कामासाठी कोणी काय दिले, त्याची यादी! यादवराजा रामदेवरावाचे नाव त्यात आहे आणि साध्या भक्तांचीही आहेत. म्हणजे उद्या प्रवेशद्वाराशी जी संगमरवरी पाटी बसणार आहे, तिची थोरली बहीणच ती. साडेसातशे वर्षे होत आली, देणाऱ्यांची नावे अजून वाचता येतात. म्हणून समितीला एक सूचना करतो. आपल्या पाटीवर नुसती नावे आणि रकमा नकोत. शके, इसवी सन, तिथी घाला. गवंड्याचे, सुताराचे नाव घाला. आणि जुन्या देवळाच्या तुळईवर जे साल कोरलेले होते, तेही नव्या पाटीवर उतरवून घ्या. ती तुळई आता चिरून झाली आहे.

गावचा इतिहास दगडावर जितका असतो त्याहून जास्त कागदावर असतो, आणि कागद तर पावसाळ्यागणिक मरतो. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळेतून गेली. त्यामुळे माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा कागद निघाला की "काय लिहिलेय कळत नाही" म्हणून तो चुलीत जातो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते ह्याच पेट्यांसाठी. वाईला मिळालेल्या पत्रांवरून १८९८ साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या काळातील पत्रे आहेत. पुढे १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आपला मुलूख आंग्र्यांचा. त्यांचे संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. तेव्हा कोणाच्या घरी त्या अमदानीची सनद किंवा सारापावती असेलही. ती समितीला देऊन टाका असे मी म्हणत नाही. कागद तुमचा, तुमच्याच घरी राहू द्या. फक्त त्याचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढू द्या. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

तिसरा साठा माणसांच्या तोंडी आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. चरीचा संप आपल्याच तालुक्यात झाला. २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या सोडून दिल्या. हे पुस्तकात आहे. पण त्या वर्षांत घरात काय शिजत होते, लाकूडफाटा विकायला बायका कुठवर चालत जात, कोणी कोणाला उसने दिले, हे कोणत्या पुस्तकात आहे? ज्यांनी ते सोसले त्यांच्यापैकी आज कोणी उरले नाही. त्यांच्या मुलींनी, सुनांनी जे ऐकले तेवढेच शिल्लक आहे, आणि त्याही आता काठी टेकत आल्या आहेत.

येथे थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. गावचा इतिहास म्हणजे पाटलाच्या आणि खोताच्या वाड्याचा इतिहास नव्हे. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, आपल्याच जिल्ह्यातला. ज्यांच्या आज्यापणज्यांना देवळाच्या पायरीबाहेर उभे राहावे लागत होते, ते आज ह्या मंडपात बसले आहेत आणि त्यांची वर्गणी पाटीवर आहे. त्यांच्या घरी गावाची जी आठवण आहे ती कडू असेल. तीही वहीत आली पाहिजे, आणि गोड करून नव्हे. कोळीवाड्यातली, कातकरवाडीतलीही आली पाहिजे.

आपल्या गावात पूर्वी शनवार तेल्यांची घरे होती असे म्हातारी माणसे सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते बेने इस्राएल. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. आपल्या गावांची नावे त्यांनी आडनावांत जपली: किहीमकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर. १९४८ नंतर त्यांतली बरीच इस्राएलला गेली, पण मराठी बोलणे सोडले नाही. त्यांची मुले-नातवंडे आता पूर्वजांचे गाव बघायला इकडे येतात आणि विचारतात, आमचे घर कोठे होते? कोणी असे विचारत आले तर बोट दाखवायला आपल्याला जागा माहीत हवी.

आता एक सावधगिरीची गोष्ट. इतिहास नसला तर तो तयार करण्याची आपल्याला फार हौस. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, महाराजांचा घोडा ह्याच पिंपळाला बांधला होता, असे गावोगाव सांगतात. ह्या कथा टाकून देऊ नका, पण त्यांच्यापुढे "असे सांगतात" एवढे दोन शब्द अवश्य लिहा. महाराज आले होते असे लिहायचे तर कागद दाखवता आला पाहिजे. आपल्या थापेने महाराज मोठे होत नाहीत, आणि मग आपली खरी गोष्टसुद्धा कोणी खरी मानत नाही.

समितीकडे माझे मागणे फार मोठे नाही. मागची ओवरी रिकामी आहे. दोन्ही दगड तेथे चौथऱ्यावर उभे करावेत. सिमेंटात पुरू नयेत, ऑइलपेंट लावू नये, आम्लाने किंवा तारेच्या ब्रशाने घासू नयेत. भाविकांनी शेंदूर लावलाच तर अक्षरांवर नको. रात्री अंधार करून बाजूने बॅटरीचा उजेड तिरका टाकला की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. तसे फोटो काढून जाणकारांकडे पाठवता येतील. अजून कुंपणाचे खोदकाम व्हायचे आहे. त्यात नाणी किंवा ताम्रपट निघाला तर तो कोणी घरी नेऊ नये, सोनाराकडे तर नाहीच नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली जुनी चीज सापडली तर कलेक्टरला कळवावे, असा १८७८ पासूनचा कायदा आहे.

ओवरीत एक जाड वही राहील. शेतांची, बांधांची, विहिरींची जुनी नावे, वेशीच्या जागा, कोणत्या साली खारबांध फुटला, शाळा कोणाच्या पडवीत भरायची, जे आठवेल ते लिहा. लिहिणाऱ्याचे नाव, कोणाकडून ऐकले त्याचे नाव आणि तारीख खाली घाला. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, भांडू नका. मुंबईकरांनी आपल्याकडचे जुने फोटो धाडावेत. फोटोमागे कोण कोण आहेत ते शिसपेन्सिलीने लिहून.

उद्या महाप्रसादाची पहिली पंगत म्हाताऱ्या माणसांची आहे. पंगत उठली की शाळेतली चार मुले वही घेऊन ओवरीत बसतील. आजी-आजोबांनी हात धुऊन तिकडे यावे. चहाची व्यवस्था केली आहे.