वल्हे आपल्या हाती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहावे ते मुलांच्या संगोपनावर, पाककृतींवर, नाही तर सणवारांवर, असा आपला आजवरचा रिवाज आहे. कार्यवाहबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, "होडी." त्यांनी लिहून घेतले, "होळी." पत्रिका छापायला जाण्यापूर्वी खुलासा झाला म्हणून बरे, नाही तर आज मला पुरणपोळीवर बोलावे लागले असते, आणि आपल्यालाही ते अधिक रुचले असते.

तर विषय होडीचा आहे. होडीत बसून कोठे जावे, हे तर मी सांगणारच आहे. पण त्याआधी, ही होडी माझ्या डोक्यात शिरली कशी, ते सांगितले पाहिजे. आपली गडमुडशिंगी काही बंदर नव्हे. आपल्या डोक्यावरून विमाने जातात, पण पाण्याशी आपला संबंध नळ, विहीर आणि शेताचा पाट एवढाच. माझे माहेर मात्र शिरोळ तालुक्यात, नदीकाठचे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण कोणीच विसरलेलो नाही. माझ्या वहिनीला त्या पुरात जवानांनी बोटीतून बाहेर काढले. चार दिवसांनी ती माझ्या घरी आली. मी विचारले, "फार भीती वाटली का गं?" ती म्हणाली, "पाण्याचं भ्या न्हाई वाटलं, वन्सं. हातात कायबी नव्हतं, त्याचं भ्या वाटलं. बसवलं तशी बसले. उतरवलं तशी उतरले."

त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि बायकामुलांसह अनेकांचा बळी गेला. त्या बातमीने आपल्या सगळ्यांच्याच घशाखाली घास उतरला नव्हता. मला मात्र वहिनीचे ते वाक्य सोडीना. जन्मभर नदीच्या काठावर राहिलेली बाई. धुणी धुतली, दिवे सोडले, ओटी भरली. पण नदीत हात मारायला तिला कोणी शिकवले नाही. आणि मी तरी कोठे शिकले होते? माझे भाऊ पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसले.

म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पोहायला शिकले, आणि त्रेपन्नाव्या वर्षी कयाकमध्ये बसले.

कयाक म्हणजे काय? एकटीने किंवा दोघींनी बसायची लांबट, अरुंद, हलकी होडी. पाय पुढे पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे हातात धरून एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूने पाणी मागे सारायचे. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली. ग्रीनलंड, अलास्का अशा प्रदेशांतले लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून ती बनवीत आणि तीतून शिकारीला जात. आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. सांगाडा पुरुष बांधीत. पण ती कातडी शिवण्याचे काम बायकांचे. टाका असा घालायचा की थेंबभर पाणी आत येता कामा नये. शिकाऱ्याचा जीव बायकोच्या सुईवर तरंगत असे! आणि त्याच लोकांत उमियाक नावाची दुसरी मोठी होडी असे. बिऱ्हाड, मुलेबाळे, सामान घेऊन हंगामाप्रमाणे मुक्काम हलवायचा तो या होडीतून. ग्रीनलंडात ती वल्हवीत बायका, म्हणून तिला 'बायकांची होडी' असेच म्हणत. तेव्हा 'हे काय बायकांचे काम आहे का?' असे कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा.

पुढे या होडीचा खेळ झाला. ऑलिंपिकमध्ये तो १९३६ साली आला आणि १९४८ साली लंडनला स्त्रियांचीही शर्यत सुरू झाली. आपल्या देशातली प्राची यादव ही ग्वाल्हेरची मुलगी. तिच्या पायांत बळ नाही. तिने भोपाळच्या तळ्यावर सराव केला, टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये ती होडीच्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचली, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. मग आपल्या गुडघेदुखीचे कौतुक आपण किती करायचे?

आणि आपल्याकडे अशी होडी नाही असे तरी कसे म्हणावे? पूर आला, पूल बुडाला, की आपल्या जिल्ह्यात गुऱ्हाळाची काहील पाण्यात घालून माणसे पैलतीराला नेतात. काहील गोल, म्हणून ती जागच्या जागी फिरते. मी पहिल्यांदा कयाकमध्ये बसले तेव्हा माझी कयाकही अगदी काहिलीसारखी फिरली. उजवा हात जोरात, डावा हात मंद. मग फिरेल नाही तर काय! शिकवणारा मुलगा म्हणाला, "मावशी, जोर नको, ताल धरा." तो ताल मला एकाएकी आठवला. लहानपणी आईच्या घुसळखांबाला रवी बांधलेली असे. दोरीची दोन टोके दोन हातांत; एक ओढायचे, एक सैल सोडायचे. मी मनात ताक घुसळायला लागले आणि होडी सरळ चालू लागली! ज्यांनी रवी ओढली आहे त्यांना अर्धी विद्या आलेलीच आहे.

आता जागा सांगते. जेथे मी वल्हे मारले किंवा जेथली मला माहिती आहे, तेवढ्याच सांगते.

घराजवळचा रंकाळा आपणा सर्वांच्या ओळखीचा. शालिनी पॅलेसची सावली पाण्यात पडते तेव्हा तेथून उठावेसे वाटत नाही. लहानपणी होडीत बसण्याची पहिली हौस बहुतेकींनी तेथेच फेडली असेल. बंद पाण्याचे तळे नवशिक्याला चांगले, ओढ नसते. पण केंदाळ माजले की वल्हे गुंतते. सांडपाणी येते तेथे केंदाळ येते, हे पंचगंगेच्या काठच्या लोकांना वेगळे सांगायला नको. राधानगरीचा जलाशय शाहू महाराजांनी आपल्याला दिलेले धन. तो डोळे भरून पाहावा. पण तो अभयारण्याच्या कुशीत आहे. तेथे मनाने होडी घालू नये, काठावरूनच नमस्कार करावा.

दूरचे विस्तीर्ण पाणी पाहायचे तर कोयनेचा शिवसागर. सातारा जिल्ह्यात बामणोली, तापोळा, मुनावळे या बाजूंनी त्याच्यापाशी जाता येते. सकाळच्या वेळी वारा पडलेला असतो, दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे डोंगर, आणि वल्ह्याचा चुबुक् चुबुक् एवढाच आवाज. पण हे पाणी पाहताना एक विसरू नये. त्याच्या तळाशी गावे आहेत. काठावर राहिलेल्यांना आजही बाजाराला आणि दवाखान्याला जायला लाँचचा आधार घ्यावा लागतो. आपण हौसेने होडीत बसतो, ती माणसे गरजेने बसतात.

वाहत्या पाण्याची हौस असेल तर रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका. तिचे नवल असे की मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटते आणि मग नदीला वेग येतो. म्हणून तेथला खेळ सकाळी, पाणी सुटेल त्या वेळेवर. खळाळात मोठ्या रबरी बोटी जातात; नवशिक्यांनी शांत पाण्यातच राहावे. ही जागा आपल्या मुलींसाठी. आपण काठावर चहा घ्यावा.

माझे मन बसले ते मात्र खाली कोकणात. मालवणजवळ तारकर्लीच्या पुढे देवबाग आहे. तेथे कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी बराच वेळ त्याच्या शेजारून चालते. मध्ये गावाची आणि माडांची चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्राची गाज, दुसऱ्या बाजूला स्थिर नदी. जणू सासर आणि माहेर यांच्यामध्ये एकच भिंत! मी शिकले ती या नदीच्या बाजूला. पहिल्याच दिवशी आम्हाला मुद्दाम होडी उलटवायला लावली. मी पाण्यात पडले, नाकातोंडात खारे पाणी गेले, आणि दुसऱ्या क्षणी लाइफ जॅकेटने मला वर आणले. भगिनींनो, त्या क्षणी मी रडले. भीतीने नव्हे. वहिनीची आठवण झाली.

आणि शेवटची जागा वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तेथे कयाक नव्हे, साधी वल्ह्याची होडी. पण वल्हे बायकांच्या हातात! स्वामिनी नावाच्या बचत गटातल्या मच्छीमार घरांतल्या बायकांनी २०१७ साली पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवण्याचा उद्योग सुरू केला. शासनाच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून त्यांना साहाय्य मिळाले. कांदळवनाची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात, त्या मुळांच्या जाळ्यात मासळीची पिल्ले वाढतात, लाटांचा मारा ते झाड आपल्या अंगावर घेते. हे सारे वल्हे मारता मारता त्या सांगतात. आपणही बचत गट चालवतो. पापड, लोणची, शिवणकाम करतो. ते चांगलेच आहे. पण ज्या पाण्याच्या काठी जन्मलो, ते पाणीच पोटापाण्याचे साधन करायचे, हे धाडस त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

खाडीत जायचे तर भरती-ओहोटी पाहून जायचे. त्यासाठी निराळे शास्त्र नको. आपल्या स्वयंपाकघरातले कॅलेंडर पुरे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य. कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला साधारण दुपारी बाराच्या आसपास भरती असते, आणि पुढे रोज सुमारे पाऊण तास उशिरा. चतुर्थी-एकादशीचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्याला हे अवघड नाही. तरी तेथल्या नावाड्याला विचारल्याशिवाय पाऊल घालू नये. त्याचे पंचांग आपल्यापेक्षा जुने आहे.

आता चार गोष्टी गाठीला बांधा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, मग नवरोबा कितीही हसोत. एकटीने जाऊ नये. होडी सांगेल तेवढीच माणसे घ्यावीत; 'सरकून घ्या' हे एसटीत चालते, पाण्यात नाही. पावसाळ्यात कयाकचे नाव काढू नये. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पंचगंगा काय रूप घेते ते आपण पाहिले आहे. पुरात कयाक घालीन असे कोणी म्हणेल तर तो शुद्ध वेडेपणा होय. पुरात जवानांचेच ऐकायचे. पण बोटीत चढताना कोठे पाय ठेवावा, तोल कसा सांभाळावा, उभे का राहू नये, शेजारणीच्या लेकराला जॅकेट कसे बांधावे, एवढे आलेली बाई त्या बोटीत ओझे होत नाही. ती हाताशी येते.

म्हणून माझ्या मंडळाला दोन विनंत्या आहेत. पहिली, येत्या मे महिन्याच्या सुटीत गावातल्या मुलींना पोहायला शिकवण्याची सोय मंडळाने करावी. एखादी बाई शिकवायला मिळाली तर आयांचीही चिंता मिटेल. दुसरी, दरवर्षी आपली सहल देवदर्शनाला जाते. यंदा थंडीत ती निपाणी, आजरा, आंबोलीवरून सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याला न्यावी. वाटेत देव भेटतीलच. सुनांना बरोबर घ्यावे; घरी मुले सांभाळायला पुरुष मंडळी आहेत.

"या वयात हे काय?" असे मलाही विचारले गेले. विचारणाऱ्या माझ्या सासूबाईच होत्या. त्यांचे वय ब्याऐंशी. मी त्यांना देवबागला नेले, काठावर खुर्चीत बसवले. मी एक फेरी मारून आले तर त्या म्हणाल्या, "अगं, दोघींची मिळते म्हणालीस न्हवं?" मग नावाडी पुढे, सासूबाई मधे, मी मागे, अशी आम्ही मोठ्या होडीतून एक फेरी केली. त्यांनी पाण्यात हात घातला आणि परत येईपर्यंत बाहेर काढला नाही.

माझ्या वहिनीनेही गेल्या वर्षी पोहणे शिकायला घेतले आहे. अजून पाठीला डबा लागतो. परवा फोनवर म्हणाली, "वन्सं, आता हात हलत्यात."