जगाची अर्थगती आणि सुरंगीचा उंबरठा



जागतिक अर्थव्यवस्थेचे भवितव्य हा विषय निघाला की सर्वांचे लक्ष न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारांकडे वळते. परंतु त्या भवितव्याचा अर्थ दादरा आणि नगर हवेलीतील सुरंगीसारख्या गावाच्या उंबरठ्यावरून अधिक स्पष्ट दिसतो.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या काळी या प्रदेशातील वारली, कोकणा, धोडिया समाजांचा संसार भात-नागलीच्या शेतीवर आणि जंगलावर चालत असे. पावसाने दगा दिला की हाल होत; पण ते संकट ओळखीचे होते. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि सिल्वासा पॉलिएस्टर धाग्याचे मोठे केंद्र बनले. शेतकऱ्याच्या घरात महिन्याचा पगार येऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र हा धागा निघतो खनिज तेलापासून. जुलै २००८ मध्ये तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला आणि त्याच वर्षाअखेर ४० डॉलरच्या खाली कोसळला. चढ्या भावाने माल भरून ठेवलेल्या कारखानदाराला अशा वेळी खोट बसते. तो पाळ्या कमी करतो आणि पहिली कुऱ्हाड कंत्राटी मजुरावर पडते. त्या मजुराने तेलाचा सौदा कधीच केलेला नसतो.

भाकितांचा आधार घ्यावा, तर तोही डळमळीत. २०२० मध्ये जागतिक उत्पन्न ३.३ टक्क्यांनी वाढेल, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या वर्षाच्या जानेवारीत सांगितले. प्रत्यक्षात ते सुमारे ३ टक्क्यांनी घटले. मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली. ज्याच्या घरी शेताचा तुकडा उरला होता, त्याला निदान परतायला जागा होती. दूरच्या प्रांतातून आलेल्या मजुराला तीही नव्हती.

यातून एकच बोध निघतो. अनिश्चितता टाळता येत नाही. तिचा भार कोणी वाहावा, हे मात्र समाजाला ठरवता येते. भरभराटीच्या काळात कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा नियमाने भरला गेला, त्याला दुसरे कौशल्य शिकवले गेले, शेताचा तुकडा सहजासहजी विकला गेला नाही, तर मंदी आली तरी चूल विझत नाही. जगाच्या अर्थव्यवस्थेची प्रकृती जोखायची असेल, तर निर्देशांकांबरोबर या चुलीकडेही पाहावे लागेल.