अंतिम सामन्याचे मैदान

कबड्डीच्या एखाद्या स्पर्धेचा अंतिम सामना कोणी जिंकला, हे आपण सर्वजण विचारतो. परंतु तो सामना कोठे झाला आणि ती जागा कोणी ठरविली, असे सहसा कोणी विचारीत नाही. आज मी या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार आपल्यापुढे मांडणार आहे. विषय वरवर पाहता लहान दिसेल. पण आपल्या परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून खेळापायी जी वितुष्टे आलेली मी पाहिली, त्यांतील पुष्कळांचे मूळ मैदानाच्या निवडीत होते, असा माझा अनुभव आहे.

मी शाळामास्तर, आणि शाळेबाहेर पुष्कळ वर्षे पंचाचे काम केलेला मनुष्य. त्या काळातील एक प्रसंग सांगतो. गावांची नावे सांगत नाही. जुनी जखम उकरण्यात अर्थ नाही. नदीच्या दोन तीरांवरील दोन गावांचे संघ अंतिम फेरीत आले होते. त्यांपैकी एका गावाने स्पर्धेचा खर्च उचललेला, मांडव घातलेला, ढाल आणि रोख बक्षीसही त्यानेच आणलेले. तेव्हा सामना त्याच गावी व्हावा, हे ओघानेच ठरले. पाहुण्या संघाला कोणी विचारले नाही, आणि त्यानेही भिडेपोटी हरकत घेतली नाही.

सायंकाळी सामना सुरू झाला, तेव्हा यजमान गावातील माणसे थेट रेषेला भिडून बसली होती. शेवटचे मिनिट आले, गुण समसमान होते. पाहुण्या संघातील एक पोरगा चढाईस गेला. तिघांनी त्याची पकड केली. तरी तो त्यांना ओढीत मध्यरेषेपर्यंत आला आणि त्याचा हात रेषेपलीकडे टेकला. हे मी डोळ्यांनी पाहिले. परंतु हात टेकेपर्यंत त्याचा दम टिकला होता की तुटला होता, हे डोळ्यांना दिसत नाही. ते कानांनी ऐकावे लागते. त्या गलक्यात मला काहीएक ऐकू आले नाही. मी दम तुटल्याची शिट्टी दिली. यजमान जिंकले. तो पोरगा माझ्यापाशी आला आणि एवढेच म्हणाला, "गुरुजी, दम होता माझा."

श्रोतेहो, माझा निर्णय चुकला असे मी म्हणत नाही. तो बरोबर होता, असेही मला आजवर म्हणता आलेले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे त्या दोन गावांनी एकमेकांच्या स्पर्धेत संघ पाठविला नाही.

आता कोणी म्हणेल, यजमानाने पदरमोड करावी आणि सामना मात्र परक्या गावी न्यावा, हा कोठला न्याय? हा आक्षेप खोटा नाही. आपल्या गावच्या पोरांचा खेळ पाहावा, म्हणूनच लोक वर्गणी देतात. आयर्लंड देशाचे उदाहरण पाहा. तेथे हर्लिंग व गेलिक फुटबॉल हे देशी खेळ आहेत. १८८४ साली थर्ल्स या गावी स्थापन झालेली संस्था त्यांचा कारभार पाहते आणि तेथील मंडळे आपल्याकडच्या गावकीसारखी एकेका वस्तीशी जोडलेली असतात. २०१८ साली फुटबॉलच्या एका महत्त्वाच्या सामन्यात किल्डेअरच्या संघास घरचे मैदान मिळाले होते. प्रतिस्पर्धी होता मेयोचा बलाढ्य संघ. किल्डेअरचे न्यूब्रिज येथील मैदान सुमारे आठ हजार प्रेक्षकांचे. म्हणून सुरक्षिततेचे कारण देऊन संस्थेने सामना डब्लिनच्या क्रोक पार्क या प्रचंड क्रीडागारात नेण्याचे ठरविले. किल्डेअरकरांनी निक्षून सांगितले की, खेळू तर न्यूब्रिजलाच. अखेर संस्थेस माघार घ्यावी लागली, सामना ३० जून रोजी न्यूब्रिजला झाला आणि किल्डेअरने तो जिंकला.

यावरून काय दिसते? घरच्या मैदानावर खेळणे हा अन्याय नव्हे. जो हक्क आधी ठरलेल्या नियमाने मिळाला, तो मागाहून सोयीसाठी काढून घेणे हा अन्याय होय. किल्डेअरचा हक्क नियमाचा होता. माझ्या गोष्टीतील यजमानाचा हक्क केवळ खर्चाचा होता. हा भेद आपण ध्यानात ठेवला पाहिजे.

उलट बाजूचाही अनुभव आपल्या देशात घेऊन झाला आहे. रणजी करंडकाच्या क्रिकेट स्पर्धेत यजमान संघ आपल्याला सोयीची खेळपट्टी करून घेतात, अशी तक्रार होती. म्हणून २०१६-१७ च्या हंगामात सर्व सामने तटस्थ ठिकाणी खेळविण्यात आले. मुंबई आणि गुजरात यांचा अंतिम सामना इंदूरला झाला व गुजरातने करंडक प्रथमच जिंकला. परंतु घरच्या प्रेक्षकांना आपला संघ पाहावयास मिळेना आणि खेळाडूंना प्रवासाची दगदग सोसावी लागली. पुढच्याच हंगामात जुनी पद्धत परत आली. साखळीतील सामन्यांत आज तुमच्या गावी, उद्या आमच्या गावी, अशी परतफेड होऊ शकते. तेथे तटस्थतेचा अट्टहास नको. अंतिम सामना मात्र एकच असतो. त्याची परतफेड नाही. म्हणून त्याच्या जागेला वेगळा न्याय लावला पाहिजे.

जागा म्हणजे नुसते गाव नव्हे. पायाखालची भूमीही तीतच आली. आपला मुलूख काळ्या रेगड मातीचा. पावसात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कबड्डीचे मैदान करावयाचे, तर तीवर मुरूम व बारीक माती टाकून, पाणी मारून, चोपून ती बसवावी लागते. खेड्यातील संघ अशा मातीवर अनवाणी वाढतो; शहरातील संघ मॅटवर, पायांत बूट घालून. मैदानाची लांबी-रुंदी दोन्हीकडे तीच, तेरा मीटर आणि दहा मीटर. पण पायाची पकड, वळण आणि पडण्याची भीती ही सर्व निराळी. महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांचे दोन विजेते अंतिम कुस्तीत भिडतात. अलीकडील वर्षांत ती कुस्ती गादीवर होते. तेव्हा मातीच्या मल्लास शेवटचा डाव परक्या अंगणात टाकावा लागतो, अशी खंत तालमीतून ऐकू येते.

यावर तोड काय? १९३० साली माँटेव्हिडिओ येथे पहिल्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यात झाला. चेंडू कोणाचा वापरावा, यावरून वाद पेटला. शेवटी पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळावा, असे ठरले. पूर्वार्धात अर्जेंटिना दोनास एक अशी पुढे होती. अखेरीस उरुग्वेने चारास दोन असा विजय मिळविला. चेंडूची अशी वाटणी करता येते, मैदानाची येत नाही. पण त्यामागील तत्त्व आपल्या घरातलेच आहे: एकाने वाटे करावे, दुसऱ्याने आधी उचलावे. एका संघाने दोन मैदाने सुचवावी व दुसऱ्याने त्यांतून एक निवडावे. सुचविणाऱ्याला दोन्ही मैदाने मान्य असतील अशीच नावे घ्यावी लागतात आणि निवडणाऱ्याला तक्रारीस जागा उरत नाही.

मात्र तटस्थ जागा म्हणजे नकाशावरचा मध्यबिंदू, असे कोणी समजू नये. सेलू आणि गंगाखेड यांचे संघ असतील, तर परभणी शहर दोघांनाही रेल्वेने सोयीचे पडते. पण सेलू आणि जिंतूर हे शेजारी तालुके. त्यांचा सामना परभणीस नेला, तर दोघांनाही विनाकारण हेलपाटा. शिवाय जिंतूरला रेल्वे नाही. मुलींचा सामना असेल, तर त्या दिवस मावळण्यापूर्वी घरी परततील काय, कपडे बदलण्यास आडोसा आहे काय, हे आधी पाहावे. ज्या ठिकाणी एक संघ विसावा घेऊन उतरतो आणि दुसरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चार तास हिंदकळून उतरतो, ते ठिकाण कागदावर कितीही तटस्थ असले, तरी समान नव्हे.

तेव्हा मंडळांच्या चालकांना माझ्या चार सूचना आहेत. पहिली, अंतिम सामन्याची जागा स्पर्धेची पहिली शिट्टी वाजण्यापूर्वी लेखी ठरवावी. अंतिम फेरीत कोण येणार हे कोणासच ठाऊक नसते, तेव्हाच माणसाची बुद्धी खरी निःपक्षपाती असते. दुसरी, जागा आधी ठरली नसेल, तर वर सांगितलेली वाटणीची रीत पाळावी. तिसरी, पंच दोन्ही गावांबाहेरचे असावेत. आणि यजमानाने खर्च केला असेल, तर त्याचा मान सत्कारात करावा, बक्षीसही त्याच्याच हातून द्यावे. मैदानाच्या रूपाने त्याची भरपाई करू नये. चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे. रेषेपासून दहा-बारा पावले दूर, चारी बाजूंना दोर बांधावा आणि प्रेक्षकांनी त्यापलीकडे बसावे.

कबड्डीचा नियमच न्यायाचा धडा देतो. नाणेफेक जिंकणारा बाजू किंवा पहिली चढाई यांपैकी एकच गोष्ट घेतो. आणि मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. ऊन एकाच्याच डोळ्यांवर राहू नये, एवढी काळजी ज्या खेळाने घेतली, त्याच्या अंतिम सामन्याची जागा आपण बेपर्वाईने ठरवावी, हे त्या खेळाला शोभत नाही.

तो पोरगा आता चाळिशीचा गृहस्थ झाला असेल. त्याला उत्तर देणे माझ्या हाती उरलेले नाही. परंतु यंदा सुगी आटोपल्यावर आपल्या गावी स्पर्धा भरेल, तेव्हा चढाईस गेलेल्या पोराचा दम पंचाला स्पष्ट ऐकू यावा, एवढी तजवीज आपण करावी, ही माझी विनंती आहे.