चेकपोस्टच्या अलीकडे, पलीकडे

(सिल्वासा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘चेकपोस्ट’. काहींना वाटलं असेल, भिलाडकडे जाताना डिकी का उघडायला लावतात ते आज कळणार. (हशा) ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, अलीकडे नाही. पुढे चला.

या जोडशब्दातलं ‘पोस्ट’ म्हणजे ठाणं. ‘चेक’ आला बुद्धिबळातून. फारसी ‘शाह’ फ्रेंचांकडून इंग्रजीत जाताजाता ‘चेक’ झाला, आपल्याकडे ‘शह’. तेव्हा नाक्यावरचा शिपाई हात करतो तो तुम्हाला शह देतो. मराठीने पोस्ट काढून तिथे नाका बसवला. मुंबईची जकात 2017 साली जीएसटीबरोबर गेली, तरी मुलुंड चेकनाका जागच्या जागी! पत्त्यात लागतो ना.

पण खरा चेकपोस्ट आपला. पोर्तुगिजांच्या काळात दमणहून दादऱ्याला यायचं तर मध्ये भारताची जमीन. 1954 च्या जुलैत दादरा सुटलं, 2 ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर, सुधीर फडके... त्या लढ्यातली ही नावं तुम्हाला मी काय सांगणार? भारताने पोर्तुगिजांची वाट बंद केली आणि 1955 च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात दावा लावला. निकाल 12 एप्रिल 1960 चा. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साध्या मालाला वाट होती, 11 विरुद्ध 4 मतांनी. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं यांना नव्हती, 8 विरुद्ध 7. भारताने वाट अडवली त्यात कर्तव्यभंग नाही, 9 विरुद्ध 6. कोण, काय घेऊन निघालाय, हेच तर नाक्यावर विचारतात.

आता माझ्या आवडत्या शब्दावर येतो: सरंजाम. (मागून: ‘आलेच!’) हो, आलोच. हसा. पोर्तुगाल म्हणत होता, 1779 च्या तहाने मराठ्यांनी आम्हाला या गावांचं सार्वभौमत्व दिलं. आपण म्हणालो, छे, दिला तो सरंजाम. बारा हजार रुपयांचा वसूल खा, मुलूख पेशव्यांचा. न्यायालयाने तह आणि 1783, 1785 च्या सनदा तपासून हे मान्य केलं. राज्य पोर्तुगिजांचं, हे पुढे इंग्रजांनी मानलं. ती गोष्ट वेगळी.

गेल्या खेपेला एक वकीलसाहेब म्हणाले, निकाल लागला तो पुढच्या वहिवाटीवर, तुमच्या सरंजामावर नाही. साहेब, आज आला आहात का? सार्वभौमत्व दिलं असतं तर त्यापाठोपाठ सैन्याची वाटही मागता आली असती. पोर्तुगालला तेच हवं होतं. त्याला पहिल्याच नाक्यावर कुणी अडवलं? सरंजामाने! (टाळ्या)

चिठ्ठी आली. वापीची मंडळी उठायला लागली, आणि मेघवाळ राहिलंच की. आपल्या नगर हवेलीच्या पोटात गुजरातचं ते गाव, त्याचा नाका कुठे धरायचा? अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. ज्यांना घाई नाही त्यांनी चहाला थांबा, तिथे सांगतो.