कारवान : दारातला दुर्लक्षित वारसा

(अंबड येथे झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



शिकारी कुत्र्यांवर भाषण, हे ऐकून काहींना हसू आले असेल. परंतु ऋग्वेदातील सरमा ही पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढते, आणि तिच्यावरूनच श्वानाला ‘सारमेय’ हे नाव मिळाले. दत्तगुरूंच्या चरणांशी श्वान आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू छत्रपतींच्या ‘खंड्या’ची समाधी आहे. एवढी परंपरा असूनही जातिवंत कुत्रा म्हणजे परदेशी, हे समीकरण आपल्या मध्यमवर्गीय घरांत कसे रुजले? मराठवाड्याच्या उन्हात दाट केसांचे विलायती कुत्रे आणून पंख्याखाली धापा टाकत ठेवायचे, याला हौस म्हणावे की मानसिक दास्य?

आपल्याकडे ज्याला कारवान म्हणतात, त्याच्याकडे एकदा नीट पाहा. निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय. अनोळखी माणसाला तो उपाशी वाटतो. प्रत्यक्षात ती धावण्यासाठी घडलेली देहयष्टी आहे. हा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणारा श्वान. उघड्या माळावर दूरची हालचाल तो टिपतो आणि वेगाने झेपावतो. लांब केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात.

याच कुळातल्या श्वानांना मुधोळ संस्थानाने नाव मिळवून दिले. हे घोरपड्यांचे मराठी संस्थान आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी या श्वानांचे संगोपन केले आणि पंचम जॉर्ज बादशहाला जोडी भेट दिली. आपल्या वस्तूचे मोल साहेबाने वाखाणल्यावरच आपल्याला कळावे, हे जुनेच दुखणे! स्वतंत्र भारतात 2005 मध्ये मुधोळचे टपाल तिकीट निघाले, 2016 मध्ये सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात त्याची पिल्ले प्रशिक्षणासाठी गेली आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून देशी श्वान पाळण्याचे आवाहन केले.

त्यानंतर मागणी वाढली, आणि मागणीबरोबर भेसळही. शर्यतीत थोडा अधिक वेग मिळावा म्हणून ग्रेहाउंडशी संकर करायचा आणि पिल्लू ‘शुद्ध’ म्हणून विकायचे, हा वंशनाशच आहे.

दुसरी गोष्ट अधिक स्पष्टपणे सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे. सशामागे कुत्रा सोडणे हीदेखील कायद्याने शिकारच; काळविटाची तर गोष्टच नको. ‘मग शिकारी कुत्रा पाळायचा कशाला?’ असे तरुण विचारतात. शेताची राखण आहे, वस्तीचा पहारा आहे. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू लागली की त्याच्या नुसत्या वावराचाही उपयोग होतो. मात्र त्याला त्यांच्या अंगावर घालू नये. ज्या धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी हा वंश पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांनी शोभेसाठी तो पाळला नव्हता.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावे, रोज पहाटे त्याला मोकळ्या मैदानात पळवणे जमेल का? दिवसभर साखळीला बांधलेला कारवान भित्रा तरी होतो किंवा चिडका. जमणार असेल तर पिल्लू घेताना आईबाप दोघेही प्रत्यक्ष पाहा, दूध सुटण्यापूर्वी पिल्लू उचलू नका, आणि रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या.